ओझे उतरवणारा शब्द
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सांगलीला वकिली करताना एक इंग्रजी शब्द वारंवार भेटला : ‘एक्झॉनरेट’. पुष्कळांना त्यात ‘ऑनर’ म्हणजे मान दिसतो. पण त्याचे मूळ लॅटिन ‘ओनस’, म्हणजे ओझे. ‘पुराव्याचा ओनस कोणावर?’ असे आम्ही कोर्टात विचारतो, तोच हा ओनस. एक्झॉनरेट करणे म्हणजे माणसावरचे आरोपाचे ओझे उतरवणे.

जवळचे शब्द वेगळे ठेवायला हवेत. ‘अॅक्विट’ कोर्ट करते. कधी संशयाचा फायदा देऊनही करते. तेव्हा माणूस सुटतो, पण गावाची कुजबुज सुटत नाही. ‘पार्डन’ म्हणजे माफी, आणि माफीत गुन्हा गृहीत असतो. ‘एक्झॉनरेट’ सांगतो, की दोष याचा नव्हताच.

हा फरक साताऱ्याला कोशातून शिकावा लागत नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कंपनी सरकारने कटाचा आरोप ठेवला. १८३९ साली मुंबईचे गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आले. १८१९ चा तह मोडल्याचे मान्य करून सही द्या, मागचे विसरू आणि गादी राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. म्हणजे माफी तयार होती. महाराजांना हवी होती चौकशी. सही केली तर आरोप खरा ठरतो, म्हणून त्यांनी ती नाकारली. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून पुढे काशीला पाठवले. १८४७ मध्ये ते तिथेच वारले.

रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले. १८४० ते १८५३ त्यांनी तिथे अर्ज केले, सभा घेतल्या, पुस्तिका छापल्या. महाराज गेले, १८४८ मध्ये राज्यही खालसा झाले, तरी ते मागे हटले नाहीत. कंपनीने निकाल फिरवला नाही. पण आज साताऱ्यात प्रतापसिंहांचे नाव आदराने हायस्कूलला दिलेले आहे, आणि आरोप लक्षात ठेवणारे कोणी उरलेले नाही.

मराठीत आपण ‘निर्दोष मुक्तता’ म्हणतो. त्यातल्या ‘मुक्तता’ या शब्दावर बातमी संपते आणि ‘निर्दोष’ कोणी मोठ्याने म्हणत नाही. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, सुटकेची आतल्या कोपऱ्यात. न्यायाधीशांच्या सहीने कागदावरचे ओझे उतरते; मनावरचे उतरवायला शेजारी, नातेवाईक, मित्र लागतात.

म्हणून आज इतकेच मागतो. आपल्यापैकी कोणावर कधी खोटा आळ आला असेल आणि खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याला बाजूला घेऊन कानात सांगू नका. आळ चारचौघांत आला होता, तर तो फेडायलाही चारचौघेच हवेत.