तुकाराम ओंबळे : धरलेलं सोडलं नाही



मागल्या वारीत रिंगणाला एका हवालदारानं मला मागं सारलं. मी त्याला नको ते बोललो. रात्री झोप येईना. तुकाराम ओंबळे आठवले.

सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातलं केडंबे त्यांचं गाव. आधी सैन्यात सिग्नलला होते. 1991 ला नाईक म्हणून निवृत्त झाले अन् मुंबई पोलिसात भरती झाले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीला नाकाबंदीत उभे होते. हातात नुसती काठी. समोर अतिरेकी कसाब, बंदूक घेऊन. ओंबळेंनी बंदुकीची नळीच धरली. गोळ्या अंगात शिरल्या, तरी पकड सोडली नाही. त्यांचा जीव गेला, पण कसाब जिता सापडला. म्हणून कट उघडा पडला, कोर्टात न्याय झाला. 2009 साली सरकारनं त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं.

माळ घातली म्हणजे धरलेलं सोडायचं नाही, हेच ना आपण सांगतो? मग खाकीतली माउली दिसत नसंल, तर आपली नुसती पायपीट.

सकाळी त्या हवालदाराला हुडकलं. मी पाया पडायला वाकलो, तर तोही वाकला.

रामकृष्ण हरी.