पाख्याचा हिशेब



वैशाख सरत आला की कोकणात घरोघर शाकारणी निघते. ज्याला नवे छप्पर घालायचे असते, त्याच्या ओटीवर एकच प्रश्न असतो : कौले किती आणायची?

पूर्वी कुंभाराची नळीची कौले असत. हाताने घडवलेली, एकासारखे दुसरे नाही. तिथे जुन्या माणसाचा अंदाजच खरा. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. साच्यातून एका मापाची, खोबणीत खोबण बसणारी कौले निघू लागली आणि छप्पर मोजता येऊ लागले.

आपण मोजतो मात्र जमीन. घर ३० फूट बाय २० फूट, म्हणून ६०० चौरस फूट, सहा ब्रास! पण पागोळ्या भिंतीवर येऊ नयेत म्हणून छप्पर चहूकडून दोन-दोन फूट बाहेर काढावे लागते. झाले ३४ बाय २४. आता आढ्यापासून पागोळीपर्यंत आडवे अंतर १२ फूट. आढे पागोळीपेक्षा ९ फूट उंच असेल, तर पाखे भरते १५ फूट. सुतार गुण्या तपासताना तीन-चार-पाच धरतो, तेच हे तिपटीने. कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. दोन पाखी मिळून १,०२० चौरस फूट. सहा ब्रासांचे दहा ब्रास झाले.

आता कौल. ते सोळा इंच लांब असले, तरी एकावर एक चढल्यावर साधारण साडेबारा इंच बाय आठ इंच एवढेच उघडे राहते. आपल्या कौलांचे हे माप चार कौले जुळवून स्वतः घ्या. या मापाने क्षेत्रफळावरून उत्तर येते १,४६९.

आमच्या घराला आम्ही असाच हिशेब केला, फुटीसाठी काही धरले नाही, आणि साठेक कौले कमी पडली. कारण रांग अर्धी लागत नाही. पंधरा फुटांत साडेबारा इंचांच्या चौदा रांगा बसून थोडे उरते. त्या थोड्यासाठी पंधरावी रांग पुरी लागते. रांगेत ५१ कौले, दोन्ही पाख्यांवर तीस रांगा : १,५३०. तोवर पाऊस आला होता. उरलेली कौले दुसऱ्या कारखान्याची आणली, त्यांच्या खोबणी जुळल्या नाहीत. चार महिने माजघरात पातेली मांडून माझी आई रात्री उठत होती.

म्हणून रांगा मोजा. फुटीसाठी शेकडा पाच जास्त धरा; म्हणजे १,६०७ कौले. चौपाखी घराला कोनावर कौले कापावी लागतात, तिथे याहून जास्त. आढ्यावरची कौले वेगळी मोजा. रांगेमागे एक रीप, म्हणजे ३० रिपा, प्रत्येकी ३४ फूट. आणि कौल अडीच किलोचे धरले, तर वाशांवर चार टन ओझे येणार आहे, हे सुताराला आधी सांगा.

सगळी कौले एकाच वेळी, एकाच कारखान्याची घ्या. उरलेली विकू नका. पडवीत उभी रचून ठेवा. पुढल्या शाकारणीला त्याच खोबणीचे कौल हाताशी असले, की घरातल्या कुणालाही पातेले घेऊन उठावे लागणार नाही. मिरगाला अजून दिवस आहेत. उद्या सकाळी पाख्याला टेप लावा.