मवाळ माणूस पक्ष सोडतो तेव्हा

म्हैसूरहून बोलतोय. सरकारी कागदावर आता मैसूरु असं लिहितात, पण आपल्या मराठी तोंडात म्हैसूरच बसलंय. फौजेतून निवृत्त झालो आणि इथं घर केलं. सकाळी कुक्करहळ्ळी तलावाला एक फेरी, मग आम्हा निवृत्तांची कॉफी, आणि कॉफीबरोबर राजकारण. नोकरीत असताना त्यावर बोलायची मुभा नव्हती. आता ती कसर भरून काढतोय म्हणा.

आजचा विषय त्या कॉफीवरचाच. प्रत्येक पक्षात काही मवाळ माणसं असतात. आवाज चढवत नाहीत, विरोधकाच्या घरचं लग्न चुकवत नाहीत, सभागृहात भांडून बाहेर एकत्र चहा पितात. पक्ष कडक होत चालला, की या माणसांचं काय होतं? ती दुसऱ्या पक्षात जातील का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जातील. पण विचार पटेनासे झाले म्हणून क्वचित. तिकीट कापलं, मान राहिला नाही, म्हणून जास्त वेळा. तेव्हा आपण मतदारांनी 'गेला का?' एवढंच न विचारता 'कसा गेला?' हे विचारावं.

हा प्रश्न मला एका सुभेदारसाहेबांनी शिकवला. आमच्याच पलटणीतले. गाव हुणसूर तालुक्यात, म्हैसूरपासून तासाभरावर. तंबाखूची शेती. मातृभाषा कन्नड, पण मराठा पलटणीत उभी हयात गेल्यामुळे मराठी आपल्यासारखीच बोलतात. 2019 च्या डिसेंबरात ते घरी आले आणि डाव्या हाताचं बोट पुढे केलं. म्हणाले, "साहेब, लोकसभा धरून दीड वर्षात तिसऱ्यांदा शाई. आमदार एकदा निवडून दिला होता, तो पुन्हा कशाला निवडायचा?"

झालं होतं असं. 2018 मध्ये हुणसूरमधून एच. विश्वनाथ जनता दल सेक्युलरच्या तिकिटावर निवडून आले. जन्म काँग्रेसमध्ये गेलेला, म्हैसूरचे खासदार राहिलेले, मग जनता दलाचे प्रदेशाध्यक्षही झालेले. 2019 च्या जुलैत सत्ताधारी आघाडीच्या आमदारांनी राजीनामे दिले, बरेच जण मुंबईच्या हॉटेलात जाऊन राहिले आणि 23 जुलैला कुमारस्वामींचं सरकार 99 विरुद्ध 105 मतांनी पडलं. सभापतींनी 17 आमदार अपात्र ठरवले, त्यांत विश्वनाथही होते. 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढवायला मोकळीक दिली. 5 डिसेंबरला 15 जागांसाठी मतदान झालं. भाजपने 12 जिंकल्या. हुणसूरने मात्र विश्वनाथांना घरी बसवलं.

पुढचं ऐका. 2020 मध्ये ते राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषदेत आले. त्यांना मंत्री करता येणार नाही, असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. सुभेदारसाहेबांचा राग पक्षांतरावर नव्हता, या पुढच्या गोष्टीवर होता. "आम्ही नाही म्हटलं ना साहेब? मग आमचं 'नाही' कुठं गेलं?"

मी त्यांना फौजेतलंच उदाहरण दिलं. बदलीचा हुकूम आला की जवान काय करतो? आधी रायफल कोतमध्ये जमा करतो. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. वहीवर सही होते, नंबर तपासला जातो, मग तो बिस्तरा बांधून निघतो. पलटण बदलण्यात गुन्हा काहीच नाही. पण इथली रायफल खांद्याला लावून दुसऱ्या छावणीत गेला, तर त्याला बदली म्हणत नाहीत. आमदारकी ही मतदारांनी दिलेली रायफल. ती ना पक्षाची, ना त्या माणसाची. जायचं तर जमा करून जा. नव्या छावणीतून पुन्हा मागा. लोकांनी दिली तर घ्या, नाही दिली तर मागच्या खिडकीतून काढू नका.

असं कोणी करतं का? याच म्हैसूरमध्ये झालंय. सिद्धरामय्या 2005 मध्ये जनता दल सेक्युलरमधून बाहेर पडले, 2006 मध्ये काँग्रेसमध्ये आले. चामुंडेश्वरीच्या आमदारकीचा राजीनामा दिला आणि त्याच मतदारसंघातून पुन्हा उभे राहिले. निकाल लागला तो 257 मतांनी. एका मोठ्या गावात एवढी मतं एका गल्लीत असतात. हरले असते तर पुढचं सगळं राजकारण तिथंच संपलं असतं. त्यांना मवाळ कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण रायफल जमा करणं म्हणजे काय, हे त्या 257 मतांवरून कळतं. त्यात हरायची जोखीम असते.

आता कायद्याकडे बघू. 1967 मध्ये हरियाणाच्या गयालाल यांनी इतक्या झटपट पक्ष बदलले, की 'आयाराम गयाराम' हा शब्दच देशाला मिळाला. 1985 मध्ये 52 वी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदी आली. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालत असे. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ती सवलत काढली. उरली ती दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची. म्हणजे बघा, एकटा जवान पळाला तर कोर्ट मार्शल, पण कंपनीतले दोन तृतीयांश पळाले तर ती नवी कंपनी!

गोव्याचं उदाहरण ताजं आहे. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी जाऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतली. 11 निवडून आले. सप्टेंबरात त्यांतले 8 भाजपमध्ये गेले. 11 चे दोन तृतीयांश म्हणजे साडेसातच्या आत. 8 ने हिशेब बसला.

या कायद्यात खरा अडकतो तो मवाळ माणूस. एखादं विधेयक त्याच्या मनाला पटत नाही. पक्षादेश मोडून विरोधात मत दिलं तर आमदारकी धोक्यात. टोळी जमवणं त्याच्या स्वभावात नाही. मग तो गप्प बसतो. पाच वर्षं गप्प बसतो आणि निवडणूक जाहीर झाली, की अचानक त्याला स्वाभिमान आठवतो. का? कारण सभागृहाची मुदत संपत आलेली असते, आता जागा गेली तरी फारसं जात नाही. म्हणून म्हणतो, मवाळ नेता जाणार का हे ओळखायचं असेल तर त्याची भाषणं ऐकू नका. उमेदवारांची यादी कधी येणार ती तारीख बघा.

बेळगावच्या श्रोत्यांना हे सांगायला नको. जगदीश शेट्टर हे हुबळीचे, कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री, भाजपचा सौम्य चेहरा. 2023 च्या एप्रिलमध्ये तिकीट नाकारलं गेलं, तेव्हा आमदारकीचा राजीनामा देऊन ते काँग्रेसमध्ये गेले. म्हणजे रायफल जमा केली, हे मान्य करायला हवं. हुबळीकरांनी त्यांना हरवलं. काँग्रेसने त्यांना विधान परिषदेवर घेतलं. 2024 च्या जानेवारीत ती जागाही सोडून ते भाजपमध्ये परतले आणि जूनमध्ये बेळगावचे खासदार झाले. नऊ महिन्यांत जाऊन आले! कायद्याने सगळं चोख. पण या नऊ महिन्यांत त्यांच्यासाठी घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्याने शेजाऱ्याला काय तोंड दाखवायचं?

दुसरं उदाहरण एस. एम. कृष्णांचं. आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते, शिक्षण इथल्याच महाराजा कॉलेजात. प्रजा समाजवादी पक्षातून काँग्रेसमध्ये आले, मुख्यमंत्री, परराष्ट्रमंत्री झाले. वागण्या-बोलण्यात मऊ. 2017 मध्ये, वयाच्या 84 व्या वर्षी, पक्षात ज्येष्ठांची कदर उरली नाही म्हणून त्यांनी काँग्रेस सोडली आणि भाजपमध्ये गेले. हातात निवडून आलेली जागा नव्हती, त्यामुळे मतदाराचं काही नेलं नाही. मला त्यात एका म्हाताऱ्या माणसाचं एकटेपण जास्त दिसतं. आम्ही फौजी ते ओळखतो. ज्या मेसमध्ये तुमचं नाव माहीत असलेला कोणी उरत नाही, तिथं पाय वळत नाही.

आणि सोडणं म्हणजे दुसरीकडे जाणंच, असंही नाही. चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं. सोडून दुसऱ्या पक्षाचं मंत्रिपद शोधत बसले नाहीत, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कामाला लागले. मऊ माणसाचा कणा असा असतो.

तर मंडळी, मी सुभेदारसाहेबांना तीन प्रश्न दिले. खुर्ची परत केली का? लोकांचं 'नाही' ऐकलं का? आणि काल ज्यांच्या पंक्तीला जेवला, त्यांना आज शिव्या देतो का? तिसरा प्रश्न मवाळांसाठी खास. पक्ष बदलला तरी जीभ तीच राहिली, तर माणूस तोच आहे. जीभ बदलली तर तो मवाळ कधी नव्हताच, फक्त दबून होता.

2023 च्या निवडणुकीला साहेब मतदानाला जाणारच नाही म्हणून बसले होते. मी म्हटलं, "साहेब, पहारा सोडता?" त्यावर काही बोलले नाहीत. पुढे गावात एका उमेदवाराची कोपरासभा झाली. हे मागे उभे होते. हात वर करून विचारलं, "पक्ष सोडलात तर आमदारकी आधी आम्हाला परत द्याल का?" उमेदवार हसला, नमस्कार केला आणि पाण्याच्या योजनेवर बोलू लागला.

मला वाटलं, आता हे नक्कीच घरी बसणार. मतदानाच्या संध्याकाळी फोन आला. "साहेब, शाई लावून आलो."

कोणाला दिलं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी प्रश्न मागून नाही, पहिल्या रांगेत बसून विचारणार."

तुमच्या गावातही सभा होतील. पुढच्या रांगेत बसा. जय हिंद, जय महाराष्ट्र, आणि ज्या मातीत राहतो तिलाही नमस्कार.