ऊर्जेची साठवण आणि सार्वजनिक मालकीचा प्रश्न



कोठार ज्याच्या ताब्यात, टंचाईत भाव त्याचाच, हा अनुभव या देशातील कष्टकरी जनतेला नवा नाही. आज तोच प्रश्न विजेच्या क्षेत्रात उभा राहिला आहे.

जानेवारी 2025 मध्ये देशातील सौरविजेची स्थापित क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. परंतु सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे लागतात व मागणी चढते. कोळशाचे मोठे संच दुपारी विझवून संध्याकाळी पुन्हा पेटवणे सहजसाध्य नाही. म्हणून दुपारची वीज रात्रीसाठी राखणे ही राष्ट्रीय ऊर्जाव्यवस्थेची निकड बनली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या आराखड्यानुसार 2031-32 पर्यंत सुमारे 74,000 मेगावॉट क्षमतेची साठवण लागेल. पैकी सुमारे 47,000 मेगावॉट बॅटऱ्यांची, उरलेली उदंचन जलविद्युत प्रकल्पांची.

हे तंत्र देशाला अपरिचित नाही. उदंचन प्रकल्पात उंचावर एक व पायथ्याशी एक असे दोन जलाशय असतात. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे, टंचाईच्या वेळी तेच खाली सोडून जनित्रे फिरवायची. तामिळनाडूतील कदमपराई (400 मेगावॉट), महाराष्ट्रातील घाटघर (250 मेगावॉट) आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया (900 मेगावॉट) हे प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रानेच उभारले. उष्णताही साठवता येते. स्पेनमधील हेमासोलार केंद्रात 2011 पासून वितळलेल्या क्षारांत सुमारे 565 अंश सेल्सिअसची उष्णता साठवली जाते व तिच्यावर सूर्यास्तानंतरही 15 तासांपर्यंत वीजनिर्मिती होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. साठवण नवी वीज निर्माण करीत नाही. उदंचनासाठी 100 युनिट खर्चावे, तर 75 ते 80 युनिटच परत मिळतात. अर्थात साठवणदाराचा नफा दुपारच्या स्वस्त आणि संध्याकाळच्या महाग दरांतील तफावतीतून येतो. हे कोठार सार्वजनिक मालकीचे असेल, तर ती तफावत ग्राहकाचा दर उतरवण्याच्या कामी येईल. खासगी मालकाला मात्र तफावत जितकी मोठी तितका लाभ. टंचाई संपवण्यात त्याचे हित नाही.

सरकारी धोरणाची दिशा कोणती? सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बॅटरी प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत साहाय्य देणारी योजना मंजूर केली. विकासकांची निवड बोली लावून, आणि त्यात खासगी कंपन्यांना मोकळे दार! जोखमीचा भार जनतेच्या तिजोरीवर, मालकी मात्र भांडवलाची, असा हा व्यवहार आहे. 1948 च्या कायद्याने स्थापन झालेली राज्य वीजमंडळे 2003 च्या कायद्यानंतर ठिकठिकाणी विभागली गेली. त्याच वाटेवरील हे पुढचे पाऊल होय.

डोंगरमाथ्यावरील जलाशयांसाठी जमीन लागते, आणि तेथे बहुधा आदिवासींचीच वस्ती असते. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार त्यांच्या हक्कांची निश्चिती आणि ग्रामसभेची संमती यांना बगल देऊन झालेला विकास हा विकास नव्हे.

म्हणून वीज कामगार, शेतकरी आणि आदिवासी यांच्या संयुक्त चळवळीने तीन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत : सार्वजनिक पैशातून उभी राहणारी साठवण सार्वजनिक मालकीची असावी, तिचा लाभ प्रथम घरगुती ग्राहक व शेतीपंपांना मिळावा, आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून एकही जलाशय बांधला जाऊ नये. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही; त्याची साठवलेली ऊर्जाही मूठभरांची मक्तेदारी होता कामा नये.