ओझें, दोर आणि माणूस

यारी, कप्पी, साखळी, जॅक हीं नांवें ऐकून ‘हा विषय गिरणींतल्या फोरमनचा, आपल्या घरांत त्याचें काय काम?’ असें पुष्कळांना वाटेल. परंतु शहरांत राहणाऱ्या कोणीही खिडकींतून बाहेर पाहावें. समोरच्या इमारतीवर यारीची मान फिरत असते, शेजारच्या गच्चीवर पाण्याची टांकी चढत असते, नाहीं तर तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचें लोखंडी कपाट जिन्यांत मावत नाहीं म्हणून दोरानें वर ओढलें जात असतें. हें काम करणारा मजूर दुसरा असला तरी तें करवून घेणारे आपणच असतों. कंत्राट देणाऱ्या सोसायटीच्या सभेंत आपण हात वर करतों, आणि त्या ओझ्याखालून आपलींच मुलें शाळेंत जातात. म्हणून उचलण्याचीं साधनें कशीं निवडावींत व तीं निर्धोकपणें कशीं वापरावींत, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम कप्पी घेऊं. विहिरीवर जी एक स्थिर कप्पी असते, तिनें बळाची कांहींच बचत होत नाहीं. वर ओढण्याऐवजीं खालीं ओढतां येतें, एवढीच सोय. ओझ्याबरोबर हलणारी दुसरी कप्पी जोडली म्हणजे निम्में बळ पुरतें. पण दोर दुप्पट ओढावा लागतो. निसर्गाच्या दुकानांत उधारी नाहीं. बळांत जें वाचतें तें अंतरांत मोजून द्यावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेस्टन नांवाच्या यंत्रज्ञानें एकाच आंसावर किंचित् लहानमोठीं अशीं दोन चाकें बसवून त्यांवरून अखंड साखळी फिरविली, आणि एकटा माणूस टनभर ओझें उचलूं लागला. हात सोडला तरी ओझें खालीं घसरत नाहीं, हा तिचा मोठा गुण. आज कारखान्यांत दिसणाऱ्या चेन-पुलीची ही पूर्वज होय. मात्र यंत्रानें माणसाचें बळ वाढतें, दोराचें किंवा तुळईचें वाढत नाहीं. बहुतेक अपघातांचें मूळ हा भेद विसरण्यांत असतें.

याचें एक उदाहरण घ्या. शंभर किलोंचें कपाट गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या स्थिर कप्पीवरून खालीं उभें राहून ओढलें, तर कठड्यावर भार शंभर किलोंचा पडत नाहीं; तो दोनशें किलोंचा पडतो. एका बाजूनें कपाट लोंबतें आणि दुसऱ्या बाजूनें ओढणारे हात तितकेंच बळ लावितात. कप्पीचें घर्षण धरलें तर आंकडा त्याहून अधिकच होतो. म्हणून कित्येकदां दोर शाबूत राहतो आणि कठडा विटांसकट खालीं येतो.

साधन निवडतांना चार प्रश्न विचारावे. ओझें किती? तें किती उंच न्यावयाचें? दिवसांतून किती वेळां? आणि साधन टांगावयाचें कशाला? पैकीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे ‘अंदाजपंचें दाहोदरसें’ दिलें जातें. वास्तविक गणित सोपें आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. दगड पाण्याच्या सुमारें पावणेतीन पट जड, आणि पोलाद जवळजवळ आठपट. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व दोन सेंटिमीटर जाड अशी ग्रॅनाइटची एक लादी शंभर किलोंच्या वर भरते, हें स्वयंपाकघराचा ओटा बांधवून घेणाऱ्या गृहिणीनेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांवरून साधन ठरतें. बोटभर उचलावयाचें तर जॅक पुरे. परंतु जॅक उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. जसजसें ओझें वर जाईल तसतसे त्याखालीं लांकडी ठोकळे रचीत जावें. क्वचित् होणाऱ्या कामास हातानें ओढावयाची चेन-पुली उत्तम, कारण ती सावकाश चालते आणि सावकाशपणा हेंच तिचें संरक्षण. रोजच्या चढउतारास विजेचा हॉइस्ट हवा. ज्या साधनानें विटा चढतात त्यांत माणसानें कधींही बसूं नये. माणसांच्या लिफ्टला दोर तुटतांच पकड घेणारी योजना असते. एलिशा ओटिस यानें १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत स्वतः पाळण्यावर उभें राहून, दोर तोडवून ती लोकांस दाखविली होती. विटांच्या हॉइस्टला अशी पकड असेलच असें नाहीं.

यारीविषयीं एक मोठा गैरसमज आहे. पन्नास टनांची यारी म्हणजे कोठेंही पन्नास टन उचलणारी यारी, असें लोक समजतात. तो आंकडा ओझें यारीच्या अगदीं जवळ असतांनाचा असतो. यारी ही एक तरफच आहे. हात जितका लांबवर जाईल तितकी तिची शक्ति घटते, आणि पुष्कळ दूर गेल्यावर तीच यारी थोड्याशा टनांनीं उलटते. किती अंतरावर किती भार चालेल, याचा तक्ता चालकाच्या खोलींत असतो. काम सुरूं होण्यापूर्वीं तो पाहिला कीं नाहीं, एवढें विचारण्यास इंजिनियर असावें लागत नाहीं. यारीचे पाय ज्या जमिनीवर टेकतात तिच्याखालीं गटार, जुनी टांकी किंवा नुकताच भरलेला खड्डा नाहीं ना, हेंही पाहावें.

आतां ओझ्याला वेढा घालणाऱ्या दोराकडे वळूं. कामगार त्याला स्लिंग म्हणतात. वाळत घालण्याची दोरी जितकी ताठ बांधावी तितकी ओल्या लुगड्यानें ती भिंतींतला खिळा उपटते, हा आपला नेहमींचा अनुभव. तोच नियम येथें आहे. एक हजार किलोंचें ओझें स्लिंगच्या दोन पायांनीं उचललें व दोन्ही पाय सरळ उभे असले, तर प्रत्येकावर पांचशें किलो येतात. दोहोंमधील कोन साठ अंशांचा केला कीं ५७७, नव्वद अंशांचा केला कीं ७०७, आणि एकशें वीस अंशांचा केला कीं प्रत्येक पायावर पुरे एक हजार! त्याहून पसरट, दीडशें अंशांचा कोन केला तर आंकडा एकोणीसशेंच्या पलीकडे जातो. ओझें तेंच, दोर तोच. केवळ कोन बदलला. शाळेंत बलांच्या समांतरभुज चौकोनाची आकृति काढतांना मुलें जांभया देतात. त्या आकृतींत माणसाचे प्राण गुंतलेले असतात, हें त्यांना कोणीतरी सांगावयास हवें. व्यवहाराचा नियम असा कीं, कोन साठ अंशांच्या आंत ठेवावा आणि एकशें वीस कधींही ओलांडूं नये. दोर आंखूड पडला तर लांब दोर आणावा, कोन पसरूं नये.

दोराला गांठ मारली कीं त्याचें बळ जवळजवळ निम्म्यावर येतें. तीक्ष्ण कडेवरून तो गेला तर चिरतो, म्हणून कडेला गोणपाट किंवा लांकूड द्यावें. साखळीचा सुरक्षित भार साधारणतः तुटण्याच्या भाराच्या एक-चतुर्थांश धरतात, तारेच्या दोराचा एक-पंचमांश आणि कापडी पट्ट्याचा एक-सप्तमांश. ‘म्हणजे पांचपट वाव आहे’, असें म्हणून कांहीं शहाणे तो वाव खर्ची घालतात. पण तो झीज, गंज आणि हिसका यांसाठीं राखून ठेवलेला असतो. ओझें सावकाश न चढवितां एकदम सोडलें, तर नुसत्या त्या एकदमपणानें दोरावरील ताण दुप्पट होतो.

तारेचा दोर हा एका खाण-अधिकाऱ्याच्या काळजींतून जन्मला. जर्मनींतील क्लाउस्टाल येथें खाणींतील साखळ्या पूर्वसूचना न देतां तुटत, म्हणून विल्हेल्म आल्बर्ट यानें १८३४ मध्यें लोखंडी तारा वळून दोर केला. साखळीची एक कडी गेली कीं सारें गेलें. दोराची एकेक तार आधीं तुटते आणि बघणाऱ्यास सावध करिते. पण बघणारा हवा! तुटक्या तारा, पीळ सुटून आलेला फुगवटा, मोडलेली घडी, गंज किंवा घटलेली जाडी यांपैकीं कांहींही ठळकपणें दिसलें तर तो दोर बाद करावा. आंकडा उघडलेला दिसला तर तो ठोकून मिटवूं नये, बदलावा.

आपल्या देशांत १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें २९ व्या कलमांत असें बंधन घातलें होतें कीं, प्रत्येक यारी, साखळी व दोर यांची जाणत्या माणसाकडून निदान बारा महिन्यांतून एकदां कसून तपासणी व्हावी आणि सुरक्षित भाराचा आंकडा स्पष्ट दिसेल असा असावा. कायद्यांचीं नांवें व कलमें काळाप्रमाणें बदलतात. हा दंडक मात्र शहाणपणाचा म्हणून टिकण्याजोगा आहे. तो कायदा कारखान्यांपुरता होता. आपल्या गच्चीवर टांकी चढतांना ही काळजी करविणाऱ्यानेंच वाहिली पाहिजे.

प्रत्यक्ष उचलतांना खूण करणारा एकच असावा. गोदींतले खलाशी ‘हबेस’ म्हटलें कीं वर आणि ‘आरिया’ म्हटलें कीं खालीं, एवढ्या दोन शब्दांवर मोठमोठीं ओझीं हलवीत आले. पण ते शब्द एकाच्याच तोंडून निघावे लागतात. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावें, आणि तें ऐकलेंच पाहिजे. ओझें आधीं वीतभर उचलून क्षणभर थांबावें, तोल पाहावा, मग पुढें जावें. वारा सुटला तर काम बंद करावें. मक्केच्या मशिदींत ११ सप्टेंबर २०१५ रोजीं वादळांत यारी कोसळून शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. काम चालू नसतां तिचा हात उंचच ठेवला होता, असें चौकशींत निघालें. आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, शहापुराजवळ, १ ऑगस्ट २०२३ च्या आरंभींच्या प्रहरीं समृद्धि महामार्गावर पुलाची तुळई चढविणारें यंत्र कोसळलें आणि वीस जण गेले. ते दूरदूरच्या गांवांहून पोटासाठीं आलेले लोक होते. यंत्र कोसळतें तेव्हां तें निवडणारा त्याच्याखालीं क्वचितच असतो. खालीं असतो तो ज्याला निवडीचा अधिकारच नव्हता. म्हणून निवडणाऱ्यावर जबाबदारी अधिक.

तेव्हां, श्रोतेहो, यापुढें आपल्या इमारतींत कांहीं उचललें जाणार असेल, तर कंत्राटदारास तीन गोष्टी विचाराव्या: ओझ्याचें वजन किती, साधनावर लिहिलेला भार किती, आणि त्याची शेवटची तपासणी केव्हां झाली. ज्याला हीं उत्तरें देतां येत नाहींत, त्याचें टेंडर कितीही स्वस्त असलें तरी तें घेऊं नये. आणि ओझें लोंबत असेपर्यंत खालचा रस्ता दोरीनें बंद ठेवावा. ती दोरी मात्र कोणतीही चालेल.