घरी उरलेल्या भोपळ्यांचे खत
(केंद्रसंमेलनातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘घरगुती खत’ एवढाच विषय छापला आहे. मी मात्र त्यातील एका लहानशा भागाविषयी, म्हणजे घरात उरलेल्या तांबड्या भोपळ्यांविषयीच बोलणार आहे.

खरिपाचा भोपळा माळ्यावर नीट ठेवल्यास कित्येक महिने टिकतो. साल चिरलेला किंवा देठापाशी मार लागलेला मात्र लवकर मऊ पडतो. खाण्याजोगा भाग प्रथम ताटात जावा, त्यातून उरेल तो चिरून गुरांपुढे जावा. बुरशी धरलेला गुरांनाही घालू नये. या दोन्ही वाटा खुंटल्यावरच खताचा विचार करावयाचा.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे २८ वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, मी एका द्विशिक्षकी शाळेत मुलांकडून घरोघरचे नासके भोपळे आणविले आणि ते अख्खेच शाळेमागच्या खड्ड्यात टाकून वर माती ओढविली. चौथीतील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, माझी आजी असा अख्खा भोपळा नाही टाकत.” मी तिला खाली बसावयास सांगितले; धडा मी शिकवीत होतो ना! आठवडाभरात अशी दुर्गंधी सुटली की, वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागल्या.

त्या सायंकाळी मी आजींच्या अंगणात जाऊन बसलो. भोपळा फोडावा, बिया काढून राखेत घोळून वाळवाव्यात, गराच्या व सालीच्या लहान फोडी वाळक्या पाल्यात कालवाव्यात, वर शेणकाला शिंपडून मातीचा पातळ थर द्यावा, ही त्यांची रीत. तिचे कारण मला पुढे पुस्तकात सापडले. भोपळ्यात दहांत नऊ भाग पाणीच असते. अख्खा कुजला की ते पाणी साचते, हवा कोंडते, आणि हवेवाचून वाढणाऱ्या जंतूंमुळे घाण सुटते. वाळका पाला पाणी शोषून घेतो, हवेला वाट ठेवतो आणि जंतूंना लागणारा कर्बही पुरवितो. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथील प्रयोगांवर १९३१ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातही ओले-सुके मिसळणे आणि ढीग वरखाली करणे यांना असेच महत्त्व दिले आहे.

फोडींच्या एका घमेल्यास पाल्याची दोन-तीन घमेली घ्यावीत. मिश्रण मुठीत दाबल्यास हात ओलसर व्हावा, पण थेंब गळू नये; गळल्यास आणखी पाला घालावा. दर आठ-पंधरा दिवसांनी ढीग हलवावा. तीन-चार महिन्यांत मातीचा वास येणारे काळे, भुसभुशीत खत होते. ज्या घरी अंगण नाही तेथे तळाला भोके पडलेली जुनी बादलीही चालते. बियांची हयगय मात्र करू नये. घरगुती लहान ढीग त्या मरण्याइतका तापत नाही. माझ्या त्या खड्ड्यातून मृगात निघालेले वेल थेट मुतारीच्या छपरावर चढले होते!

आता एक तक्रार. याच पानगळीच्या दिवसांत आपल्या कित्येक शाळांच्या आवारात पाल्याचे ढीग पेटविलेले मी पाहतो. शेरेबुकात तसे लिहिलेही आहे. येथे नावे घेत नाही. भोपळ्याला जे हवे तेच आपण जाळतो. येत्या शनिवारी तो पाला पोत्यांत भरावा, मुलांबरोबर थोडा थोडा घरी पाठवावा, आणि घरी उकिरडा कोण सांभाळते व कसा, हे त्यांना विचारून येण्यास सांगावे.

घमेल्याचे माप माझे आहे. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी फळ्यापाशी बोलावून आजीची रीत सर्व वर्गाला सांगावयास लावली. शेणकाला किती, असे विचारताच ती म्हणाली, “आजी हात बुडवून बघते, गुरुजी.” मी फळ्यावर तसेच लिहिले.