बनवाबनवी, आधार कार्ड आणि भाड्याची खोली

आजचा विषय सिनेमाचा आहे, पण बोलणारा माणूस सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे अभिनय, कॅमेरा यातलं फार काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मला एवढंच बघायचंय की गाणी आणि गोंधळ असलेल्या विनोदी सिनेमात आपली रोजची डिजिटल साधनं, म्हणजे मोबाईल, ओळखपत्र, पैसे पाठवायची ॲप्स, नेमकं काय करतात. आणि त्यासाठी सुरुवातीला मी मुद्दाम असा सिनेमा घेतलाय ज्यात यातलं काहीच नाही. 'अशी ही बनवाबनवी', 1988. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी दोन वाक्यांत सांगतो. पुण्यात चौघांना राहायला जागा नाही. लीलाबाई काळभोरांकडे जागा आहे, पण त्यांची अट अशी की जोडपी पाहिजेत, एकटी मुलं नकोत. मग सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती होते आणि बिऱ्हाड थाटलं जातं. कल्पना मूळची त्याहून जुनी आहे. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' 1966 सालचा, त्यावरून हा सिनेमा आला. म्हणजे जागेची अडचण तेव्हाही होती, 22 वर्षांनीही होती.

आता हा सिनेमा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. सगळी गंमत एका गोष्टीवर उभी आहे: माहिती उशिरा पोचते. सुधीर आणि सुधा एकाच वेळी एका ठिकाणी दिसू शकत नाहीत, एवढंच सांभाळायचं असतं. एक आत गेला की दुसरी बाहेर येते. मधल्या दोन मिनिटांत साडी बदलली की काम झालं. कुणी कुणाला व्हिडिओ कॉल करत नाही, कुणाचा डीपी नसतो, कुणाला कुणी टॅग करत नाही.

हेच आज करून बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवता येतो. त्यात आधार नंबर लागतो, अंगठा लागतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, तीही पुण्यासारख्या शहरात ऑनलाइन देता येते. देशातलं पहिलं आधार कार्ड 2010 साली आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. लीलाबाईंच्या हातात हे असतं, तर पार्वतीचं डोहाळजेवण सोडाच, तिचं सामानसुद्धा घरात आलं नसतं. करारावर बोट ठेवल्याबरोबर परशुराम निघाला असता.

म्हणून लोक म्हणतात की मोबाईल आला आणि असले सिनेमे संपले. मला हे पटत नाही.

कारण 2019 साली 'ड्रीम गर्ल' आला. हिंदी आहे, पण घराणं तेच. आयुष्मान खुरानाचा करम हा नोकरी नसलेला मुलगा. लहानपणापासून गावच्या लीलेत सीता, राधा करायचा, त्यामुळे बाईचा आवाज हुबेहूब काढतो. शेवटी नोकरी मिळते ती एका कॉल सेंटरमध्ये. तिथे तो 'पूजा' म्हणून एकट्या पडलेल्या लोकांशी फोनवर गोड बोलतो. पूजाच्या प्रेमात पोलीस पडतो, तरणा पोरगा पडतो आणि कहर म्हणजे करमचा स्वतःचा बापही पडतो.

बघा काय झालं. 1988 साली सोंग काढायला साडी, गजरा, विग, सगळं लागायचं. 2019 साली फक्त हेडफोन लागतो. तंत्रज्ञानानं बनवाबनवी संपवली नाही, स्वस्त केली. साडीतला सुधीर एका वेळी एका वाड्याला फसवू शकत होता. फोनवरची पूजा एका वेळी कितीही जणांना. आणि दोन्हीकडे मूळ कारण काय? एकाकडे जागा नाही, एकाकडे नोकरी नाही. सोंग कुणी हौसेनं काढलेलं नाही.

पैशांचंही तसंच. बनवाबनवीतले सत्तर रुपये आठवतात ना? घरमालक सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले, थेट इस्राएलच्या औषधासाठी. धनंजय सांगतो की औषध पाठवणारा मित्रच गेला, म्हणजे त्याच्याबरोबर पैसेही गेले. आज सत्तर रुपये यूपीआयनं गेले तर त्यांची नोंद राहते. 2016 पासून आपण हे वापरतोय, मेलेल्या मित्राच्या नावावर खपवणं अवघड झालंय. पण त्याऐवजी काय आलं? पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट. म्हणून तर प्रत्येक टपरीवर तो बोलणारा डबा बसलाय, 'इतके रुपये प्राप्त झाले' असं ओरडणारा. सरपोतदारांकडे तो असता तर सिनेमातला एक विनोद कमी झाला असता. पण डब्याची गरज पडते यातच सगळं आलं.

आता मुद्द्यावर येतो, आणि तो आपल्या गावाचा आहे. मी नागापूरला बसून हे रेकॉर्ड करतोय. शेजारी एमआयडीसी. पाथर्डी, शेवगाव, नेवासा, जामखेड, कुठून कुठून पोरं कंपनीत लागायला येतात. आयटीआय झालेली, डिप्लोमावाली, ट्रेनी म्हणून लागलेली. पहिल्या आठवड्यात त्यांना सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारं वाक्य कोणतं? 'फॅमिलीला द्यायचीय खोली.' 1988 ला लीलाबाई हेच म्हणत होत्या.

या पोराकडे आधार आहे, पॅन आहे, कंपनीचं आयकार्ड आहे, बँकेचं स्टेटमेंट आहे. तो कोण आहे हे तो दहा प्रकारे सिद्ध करू शकतो. तरी खोली मिळत नाही. का?

आमच्या कामात दोन गोष्टी वेगळ्या मानतात. एक, समोरचा तोच आहे का हे तपासणं. दुसरी, त्याला आत घ्यायचं का हे ठरवणं. पहिलं काम मशीन करतं. दुसऱ्याचा नियम माणूस लिहितो, मशीन फक्त तो पाळतं. लीलाबाईंचा प्रश्न 'तू कोण?' असा नव्हताच. त्यांचा प्रश्न होता, 'तू माझ्या घरात नीट राहशील का?' त्याचं उत्तर अंगठ्यात नसतं.

आणि खरं सांगू का, इथे तंत्रज्ञानानं गोष्ट थोडी बिघडवलीच आहे. लीलाबाईंच्या दारात जाऊन निदान बोलता यायचं. चहा व्हायचा, ओळख निघायची, 'आमच्या अमक्याचा पुतण्या' असं सांगून थोडी जागा करता यायची. आता घर शोधायच्या साइटवर 'फक्त फॅमिली' असा फिल्टर असतो. एक टिचकी मारली की पोरगा यादीतूनच गायब. त्याला नाही म्हणणारं कुणी दिसतही नाही, मग मन वळवायचं कुणाचं?

सिनेमात लीलाबाईंना या चौघांचा लळा का लागतो? ही मंडळी खोटं बोलतात, पण त्यांच्या आसपास राहतात, हसवतात, विचारपूस करतात. भरवसा कागदावर बसत नाही, सहवासानं बसतो. सोंग उघडं पडतं तेव्हा गोष्ट तुटून जात नाही, शेवट गोड होतो, कारण तोवर माणसं ओळखीची झालेली असतात. सबनीसांनी हे कुठे समजावून सांगितलेलं नाही, पण सगळा सिनेमा त्यावरच चालतो.

त्यामुळे आजच्या काळात कुणी नवीन बनवाबनवी लिहायला बसलं, तर मोबाईल काढून टाकायची काही गरज नाही. फिल्टरमध्ये अडकलेल्या चार पोरांची गोष्ट लिहा. गाणी आपोआप सुचतील.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाची नागापूर, बोल्हेगाव बाजूला खोली रिकामी असेल तर एक विनंती. आधार जरूर बघा, करार जरूर करा, पोलिसांत नोंदही करा. पण त्याआधी पोराला आत बोलवा, पाच मिनिटं बसवा, कुठून आलास, कोणत्या शिफ्टला जातोस, जेवणाचं काय करतोस, एवढं विचारा. ही तपासणी अजून कुठल्याही ॲपमध्ये नाही.

आजच्यापुरतं एवढंच. खोली शोधताना तुम्हाला काय काय सोंगं काढावी लागली ते आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. नाव सांगायची सक्ती नाही. ओटीपीही मागणार नाही. भेटू!